शियाँच्या पुलाची दुरुस्ती
स्वित्झर्लंडांतील जिनीव्हा सरोवराकांठचा शियाँचा किल्ला बायरनच्या काव्यामुळें पुष्कळांस ऐकून ठाऊक असेल. त्याच्या वरच्या डोंगरउतारावरून गेलेले दोन जोडपूल १९६९ सालीं पुरे झाले. प्रत्येकाची लांबी सुमारें दोन किलोमीटर. पुढें त्यांच्या काँक्रीटाला आंतूनच रोग जडल्याचें आढळलें. सिमेंटांतील अल्कली व खडी यांच्या संयोगानें काँक्रीट फुगतें आणि चिरतें. पाडून नवे बांधावे, तर सिमेंट अपार लागणार. आणि चुनखडी भाजतांना खुद्द दगडांतूनच कर्बवायु सुटतो, भट्टीच्या इंधनाचा तो निराळाच!

२०१४ व २०१५ सालीं पुलांच्या पाठीवर पोलादी तंतु मिसळलेल्या अतिबळकट काँक्रीटाचा जेमतेम ४-५ सेंटिमीटरांचा थर चढविण्यांत आला. यांत घनमीटरामागें सिमेंट नेहमींच्या दुपटीच्या घरांत पडतें. तेवढेंच पाहणारा यास उधळपट्टी म्हणेल. परंतु थर पातळ, पाणी आंत शिरत नाहीं आणि जुना पूल उभाच राहतो. मला तरी हा हिशेब पटतो.

शिवाय भाजलेली माती व चुनखडीची पूड घालून सिमेंटांतील क्लिंकर निम्म्यावर आणण्याचें संशोधन त्याच सरोवराकांठच्या लोझान शहरीं, क्यूबांत व आपल्या आय. आय. टीं.त झालें आहे. आमचे गवंडी चुन्यांत विटांची सुरखी कालवीत, ती तरी भाजलेली मातीच होती.