नोकरी-उमेदवाराची खासगी माहिती व समाजमाध्यम-पडताळणी (यवतमाळ जिल्हा)

नोकरीसाठी अर्ज करणाऱ्याने अर्जात जे लिहिले त्यापलीकडे जाऊन नोकरी देणाऱ्याने त्याच्याविषयी केलेली चौकशी, विशेषतः त्याची फेसबुक, इन्स्टाग्राम, व्हॉट्सॲप खाती पाहून बनवलेले मत, आणि या चौकशीला असलेल्या कायद्याच्या मर्यादा हा या नोंदीचा विषय आहे. मुंबई-पुण्याच्या कंपन्या हे काम पार्श्वभूमी तपासणाऱ्या एजन्सीकडे सोपवतात. यवतमाळ जिल्ह्यात एजन्सीची फारशी गरज पडत नाही. पतसंस्थेचा अध्यक्ष, जिनिंगचा मालक, शाळेचा संस्थाचालक आणि उमेदवाराचा मामा हे बहुधा एकाच तालुक्यातले असतात. 'कोणाचा पोरगा होय?' हा प्रश्न फोनवर विचारला जातो आणि उत्तर संध्याकाळपर्यंत मिळते. समाजमाध्यमाने ही जुनी चौकशी फक्त सोपी केली. मात्र या जिल्ह्यात समाजमाध्यम नोकरीच्या आड येते ते बहुतेक वेळा मालकाच्या मोबाइलमधून नव्हे, तर पोलीस ठाण्यातल्या नोंदीतून. त्यामुळे नोंदीचा मोठा भाग चारित्र्य पडताळणीवर आहे.

रोजगाराचे चित्र : २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या २७ लाख ७२ हजार, तालुके १६. वणी भागात वेस्टर्न कोलफील्ड्सच्या कोळसा खाणी, यवतमाळजवळ लोहारा येथील औद्योगिक वसाहत, तालुक्यागणिक जिनिंग-प्रेसिंग, बँका, पतसंस्था, सूक्ष्मवित्त कंपन्यांच्या शाखा आणि खासगी शिक्षणसंस्था ही बिगरसरकारी नोकरीची मुख्य ठिकाणे. तरुणांची खरी धाव मात्र सरळसेवेकडे असते : पोलीस शिपाई, वनरक्षक, तलाठी, जिल्हा परिषद, सैन्य. पहाटे मैदानावर पळायचे आणि दिवसभर अभ्यासिकेत बसायचे, हा पुसद, वणी, दारव्हा, उमरखेडच्या भरतीच्या पोरांचा दिनक्रम.

खासगीपणाला पहिली गळती लागते ती अर्ज भरतानाच. गावात संगणक नसतो आणि मोबाइलवर फॉर्म नीट भरता येत नाही, म्हणून उमेदवार सेतू केंद्रात किंवा नेट कॅफेत जातो. ईमेल खाते तिथेच उघडले जाते, पासवर्ड चालकच ठरवतो आणि पावतीच्या मागे लिहून देतो. आधार, जातीचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर, छायाचित्र, सही यांच्या स्कॅन प्रती दुकानाच्या संगणकात राहतात आणि पुढच्या भरतीला 'तुमची फाइल आहे आपल्याकडे' म्हणून त्या कामीही येतात. सोय म्हणून चालणाऱ्या या व्यवहारात फसवणूक क्वचितच असते, पण उमेदवाराची सगळी ओळख तिऱ्हाइताच्या हातात असते. खुद्द परीक्षा घेणाऱ्या यंत्रणाही यातून सुटलेल्या नाहीत. एप्रिल २०२३ मध्ये महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या संयुक्त पूर्वपरीक्षेआधी ९४ हजारांहून अधिक उमेदवारांची प्रवेशपत्रे एका टेलिग्राम वाहिनीवर आली होती.

चारित्र्य पडताळणी : शासकीय सेवेत निवड झालेल्या उमेदवाराला 'साक्षांकन नमुना' भरून द्यावा लागतो. त्यात आजवरचे पत्ते, शिक्षण, आधीच्या नोकऱ्या यांबरोबर कधी अटक झाली का, गुन्हा दाखल आहे का, खटला चालू आहे का, हे विचारलेले असते. नमुना संबंधित पोलीस ठाण्याकडे जातो, तिथे गुन्हे अभिलेख तपासले जातात, आणि खेड्यातला उमेदवार असेल तर पोलीस पाटलालाही विचारले जाते. महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियम, १९६७ खाली नेमलेला हा पोलीस पाटील गावचाच असतो, म्हणजे भावकी आणि गावकी यांपासून तो पुरता वेगळा नसतो. खासगी नोकरीसाठी लागणारे चारित्र्य प्रमाणपत्र आता ऑनलाइन अर्जावर मिळते. सुरक्षारक्षक नेमताना खासगी सुरक्षा अभिकरण (विनियमन) अधिनियम, २००५ नुसार पूर्वचारित्र्य पाहणे सक्तीचे आहे. ऑगस्ट २०२४ मधील बदलापूरच्या शाळेतील लहान मुलींवरील अत्याचाराच्या प्रकरणानंतर राज्य शासनाने शाळांमधील कर्मचाऱ्यांचीही पोलीस पडताळणी बंधनकारक केली, आणि शिपायापासून बसच्या मदतनिसापर्यंत सगळे त्या कक्षेत आले. लहान मुलांच्या सुरक्षेसाठी ही तपासणी हवीच. तिच्यात काय पाहायचे आणि काय नाही, याची आखणी मात्र सैल आहे.

समाजमाध्यमाचा संबंध इथे येतो. सणावाराच्या किंवा तणावाच्या दिवसांत कुणी स्टेटस ठेवतो, कुणी त्याचा स्क्रीनशॉट घेऊन ठाण्यात जातो आणि गुन्हा दाखल होतो. पूर्वी भारतीय दंड संहितेच्या कलम १५३अ किंवा २९५अ खाली, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या १९६ किंवा २९९ खाली. एकोणीस वर्षांच्या पोराने रात्री ठेवलेले आणि सकाळी काढून टाकलेले स्टेटस तीन वर्षांनी साक्षांकन नमुन्यातल्या रकान्यात उभे राहते. अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार (२०१६) या निकालात सर्वोच्च न्यायालयाने नियम घालून दिला : विचारलेली माहिती खरी द्यावी, ती दडवली तर नियुक्ती जाऊ शकते, पण गुन्हा क्षुल्लक असेल किंवा निर्दोष सुटका झाली असेल, तर नियोक्त्याने सारासार विचार करावा. 'सारासार विचार' म्हणजे नेमके किती, यावर अजूनही उच्च न्यायालयांत खटले चालतात. व्यवहारात उमेदवारासाठी धडा एकच : गुन्हा लपवणे हे गुन्ह्याहून महाग पडते.

नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरला दोन तरुणींना एका फेसबुक पोस्टवरून आणि त्या पोस्टला दिलेल्या 'लाइक'वरून अटक झाली होती. त्यांच्यावरील कारवाई पुढे बंद झाली, पोलीस अधिकारी निलंबित झाले, आणि माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या ज्या कलम ६६अ चा आधार घेतला गेला ते सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी घटनाबाह्य ठरवले. कलम गेले तरी अटकेविषयीचा प्रश्न साक्षांकन नमुन्यात तसाच आहे.

गुन्ह्याची नोंद अशी आड येण्याला एक महत्त्वाचा अपवाद आहे आणि तो उमेदवारांना क्वचितच माहीत असतो. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम २४ नुसार अठराच्या आतील कृत्यामुळे अपात्रता येत नाही (सोळा ते अठरा वयातील, प्रौढ म्हणून खटला चाललेली घोर प्रकरणे वगळून), आणि कलम ७४(२) नुसार निकाली निघालेल्या प्रकरणातील बालकाची नोंद पोलिसांनी चारित्र्य प्रमाणपत्रासाठी उघड करायची नाही. अकरावी-बारावीत केलेल्या पोस्टवरून प्रकरण झाले असेल तर हेच कलम आधाराला येते.

यवतमाळ जिल्ह्यात 'चारित्र्य' या रकान्याला आणखी एक इतिहास आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने काही समाज जन्मानेच संशयित ठरवले. तो शिक्का ३१ ऑगस्ट १९५२ रोजी पुसला गेला आणि हे समाज 'विमुक्त' झाले. विमुक्तांपैकी बंजारा समाज जिल्ह्यात मोठा आहे. पारधी बेडेही (वस्त्या) जिल्ह्यात आहेत, आणि चोरी झाली की पोलिसांची पावले आधी बेड्याकडे वळतात ही तिथली जुनी तक्रार. मे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अमानतुल्ला खान प्रकरणात सर्व राज्यांना बजावले की मागास समाजांतील निर्दोष माणसांची नावे केवळ जातीमुळे, यांत्रिकपणे पोलिसांच्या इतिहासपत्रकात चढवू नयेत. बेड्यावरच्या शिकल्या-सवरलेल्या पोराच्या चारित्र्य प्रमाणपत्रासाठी हा निकाल कोणत्याही समाजमाध्यम-नियमापेक्षा अधिक मोलाचा आहे.

खासगी नियोक्ते : सूक्ष्मवित्त कंपनीचा शाखा व्यवस्थापक किंवा संस्थाचालक उमेदवाराचे प्रोफाइल पाहतो तेव्हा तो पदवी तपासत नसतो. डीपीवर कोणाचे चित्र आहे, १५ फेब्रुवारीला सेवालाल जयंतीचे, १४ एप्रिलला आंबेडकर जयंतीचे की ९ ऑगस्टला आदिवासी दिनाचे स्टेटस आहे, कोणत्या पक्षाच्या मोर्चात फोटो आहे, साखरपुडा झाला का, हे त्याला दिसते. मुलाखतीत तोंडाने विचारायला संकोच वाटेल अशा प्रत्येक प्रश्नाचे उत्तर तिथे न विचारता मिळते. नाकारलेल्या उमेदवाराला कारण सांगण्याची सक्ती खासगी नियोक्त्यावर नाही. संविधानाचे अनुच्छेद १५ व १६ प्रामुख्याने शासनाला बांधतात. भरतीतील भेदभावाविरुद्ध खासगी क्षेत्राला लागू होणारे कायदे सुटेसुटे आहेत : लिंगभेदाविरुद्ध १९७६ चा समान वेतन कायदा आणि त्याच्या जागी आलेली वेतन संहिता, एचआयव्ही बाधितांसाठी २०१७ चा, पारलिंगी व्यक्तींसाठी २०१९ चा. जात, धर्म किंवा राजकीय मत पाहून खासगी नोकरी नाकारण्याविरुद्ध एकसंध कायदा नाही.

न्यायालयांनी उमेदवाराच्या खासगीपणाची बाजू समाजमाध्यमांच्या कितीतरी आधी घेतली होती. नीरा माथुर विरुद्ध आयुर्विमा महामंडळ (१९९१) प्रकरणात महामंडळाच्या फॉर्ममध्ये स्त्री उमेदवारांना मासिक पाळीच्या तारखा, गर्भधारणा, गर्भपात यांविषयी प्रश्न होते. सर्वोच्च न्यायालयाने ते रकाने काढायला लावले आणि नीरा माथुर यांना कामावर परत घ्यायला सांगितले. १९९७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने, काम करण्यास सक्षम असलेल्या एचआयव्ही बाधित हंगामी कामगाराला केवळ चाचणीच्या निकालावरून नोकरी नाकारता येणार नाही, असा निर्णय दिला आणि त्याचे नाव गुप्त ठेवून खटला चालवू दिला. २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. कामाशी संबंध नसलेला प्रश्न विचारू नये हे तत्त्व नीरा माथुर निकालात होतेच. न विचारता पाहून घेणाऱ्याला ते अजून कोणी लागू केलेले नाही.

कायद्याची पळवाट : डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ कडून इथे अपेक्षा होती. परंतु त्याच्या कलम ३ नुसार व्यक्तीने स्वतःहून सार्वजनिक केलेल्या माहितीला हा कायदा लागूच होत नाही, आणि उदाहरण दिले आहे ते नेमके समाजमाध्यमाचे. म्हणजे खुले खाते कुणीही पाहावे, उतरवून घ्यावे. कलम ७ मध्ये 'नोकरीच्या प्रयोजनासाठी' संमतीविना माहिती वापरण्याची मुभा आहे. तीत नुसता अर्ज केलेला उमेदवार बसतो की नाही हे स्पष्ट केलेले नाही. युरोपातील माहिती-संरक्षण प्राधिकरणांच्या कार्यगटाने २०१७ मध्ये याच्या उलट मत दिले : प्रोफाइल सार्वजनिक आहे एवढ्यावरून नियोक्त्याला ते तपासण्याचा अधिकार मिळत नाही, पदाशी संबंध दाखवावा लागतो आणि उमेदवाराला आधी कळवावे लागते. भारतीय कायद्याने हे मत विचारात घ्यायला हवे होते.

बंद खात्याची गोष्ट वेगळी. अमेरिकेत मेरीलँड राज्यात तुरुंग खात्यातील एका कर्मचाऱ्याकडे मुलाखतीत फेसबुकचा पासवर्ड मागितला गेला; त्यावरून उठलेल्या वादानंतर २०१२ मध्ये त्या राज्याने नियोक्त्यांना असे पासवर्ड मागण्यास बंदी केली आणि पुढे अनेक राज्यांनी तिचे अनुकरण केले. भारतात स्वतंत्र बंदी नाही. मात्र माहिती तंत्रज्ञान अधिनियमाखालील २०११ च्या नियमांत 'संवेदनशील वैयक्तिक माहिती'च्या यादीत पासवर्ड पहिलाच आहे. मुलाखतीत 'मोबाइल दे, इन्स्टा उघड' म्हणणाऱ्याला नकार देता येतो. तसा नकार देऊन नोकरी मिळते का, हा भाग निराळा. त्याच अमेरिकेच्या शासनाने जून २०२५ पासून विद्यार्थी व्हिसाच्या आणि डिसेंबर २०२५ पासून एच-१बी व्हिसाच्या अर्जदारांना आपली खाती सर्वांसाठी खुली ठेवायला सांगितले आहे. तिकडे नोकरीला निघालेल्या मराठी अभियंत्यालाही ते चुकत नाही.

उलट बाजू : उमेदवाराची सगळीच माहिती झाकली तर भरतीतला घोळही झाकला जातो. पुणे जिल्हा न्यायालयाच्या कनिष्ठ लिपिक भरतीत एका उमेदवाराने इतरांचे गुण माहिती अधिकारात मागितले. नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ते देण्याचा आदेश दिला, कारण सार्वजनिक भरतीतले गुण ही खासगी बाब नव्हे. वर्षभराने, नोव्हेंबर २०२५ मध्ये, २०२३ च्या माहिती संरक्षण कायद्याने माहिती अधिकाराच्या कलम ८(१)(ञ) मध्ये केलेली दुरुस्ती लागू झाली आणि वैयक्तिक माहिती नाकारणे सोपे झाले. आता अशा अर्जदाराला कलम ८(२) मधील जनहिताचा आधार घ्यावा लागतो. गुण सर्वांना दिसावेत आणि जन्मतारीख, पत्ता, मोबाइल क्रमांक दिसू नयेत, एवढी साधी रेघ निवड याद्या लावणाऱ्या कार्यालयांना आखता येण्यासारखी आहे.

नोकरी लागल्यावर नियम उलट कडक होतात. राज्य शासनाच्या २८ जुलै २०२५ च्या निर्णयानुसार कर्मचाऱ्यांनी वैयक्तिक व कार्यालयीन खाती वेगळी ठेवावीत आणि शासनाच्या धोरणांवर प्रतिकूल टीका करू नये. भंग झाल्यास शिस्तभंगाची कारवाई होते.

दाद : २०२३ च्या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले, पण मुख्य कलमे त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हायची आहेत. तोवर माहिती तंत्रज्ञान अधिनियमाचे कलम ४३अ चालू आहे. त्याखाली भरपाई मागायची तर न्यायनिर्णय अधिकारी म्हणजे राज्याचे माहिती तंत्रज्ञान सचिव, म्हणून झरी-जामणीच्या उमेदवाराचा अर्जही मुंबईला मंत्रालयातच जातो. नोकरीच्या आमिषाने ऑनलाइन फसवून पैसे घेतले असतील तर १९३० या क्रमांकावर तक्रार करता येते. नवा कायदा पूर्ण लागू झाल्यावर ४३अ रद्द होईल. त्याखालील माहिती संरक्षण मंडळ चूक करणाऱ्या संस्थेला २५० कोटी रुपयांपर्यंत दंड करू शकेल, तो भारताच्या संचित निधीत जमा होईल आणि ज्याची माहिती फुटली त्या उमेदवाराला त्यातून काही मिळणार नाही. त्याची तक्रार खोटी किंवा क्षुल्लक ठरली तर मात्र त्याला स्वतःला १० हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकेल.