फक्त आभाळ गडद करायचे आहे!
छायाचित्रातील निवडक फेरफारांचा इतिहास

भर उन्हात काढलेला शाळेच्या सहलीचा एखादा फोटो पाहा. किल्ल्याच्या कमानीत मुले उभी आहेत. त्यांचे चेहरे नीट दिसतात, पण मागचे आभाळ पांढरेफटक झाले आहे. आभाळाचा निळा रंग आणि ढग टिपावेत म्हणून प्रकाश कमी घेतला, तर चेहरे काळवंडतात. असे का होते? सावलीतला चेहरा आणि उजळ आभाळ यांच्या तेजस्वितेत शंभरपट फरक सहज असू शकतो. आपला डोळा चेहऱ्याकडे पाहताना आणि आभाळाकडे पाहताना स्वतःला वेगवेगळे जुळवून घेतो. कॅमेऱ्याचा पडदा एका वेळी एकच माप लावतो आणि ते सगळ्या चित्राला सारखेच लागू होते.

म्हणजे उपाय एकच उरतो. चित्राच्या एका भागात फेरफार करायचा आणि दुसऱ्याला हात लावायचा नाही. हे सांगायला सोपे आहे. पण ‘एवढाच भाग’ हे कागदाला, फिल्मला किंवा संगणकाला सांगायचे कसे? छायाचित्रणाचा इतिहास या एका प्रश्नाच्या बाजूने पाहिला, तर त्यात रसायनशास्त्र, प्रकाशशास्त्र आणि भूमिती ओळीने भेटतात.

दोन काचांचा समुद्र

१८५१ मध्ये इंग्लंडच्या फ्रेडरिक स्कॉट आर्चर यांनी ओल्या कलोडियनची पद्धत प्रसिद्ध केली. काचेवर कलोडियनचा थर देऊन त्यात चांदीचे क्षार तयार करायचे आणि काच ओली असतानाच फोटो घ्यायचा, अशी ही पद्धत. चित्रे अतिशय रेखीव येत, पण या काचा एका अर्थाने रंगांध होत्या. चांदीच्या क्षारांवर परिणाम घडवायला निळ्या, जांभळ्या आणि अतिनील प्रकाशाच्या कणांइतकी ऊर्जा लागते. हिरव्या आणि तांबड्या प्रकाशाच्या कणांची ऊर्जा त्याहून कमी असल्याने त्यांचा परिणाम जवळजवळ होत नसे. त्यामुळे झाडे गडद येत आणि निळे आभाळ प्रमाणाबाहेर उजळ होऊन ढगांसकट कोरे निघे.

पॅरिसचे गुस्ताव ल ग्रे यांनी १८५६-५७ च्या सुमारास समुद्राची छायाचित्रे घेताना यावर तोड काढली. ‘सेत’ या गावी १८५७ मध्ये घेतलेले त्यांचे प्रचंड लाटेचे चित्र प्रसिद्ध आहे. त्यात समुद्र एका काचेवरचा आहे आणि आभाळ दुसऱ्या. प्रत काढताना कागदाचा एक भाग झाकून एक निगेटिव्ह छापायची, मग तो उघडून दुसरा भाग झाकायचा आणि दुसरी निगेटिव्ह छापायची. दोन्ही चित्रे क्षितिजरेषेवर जुळवलेली असत.

ही युक्ती समुद्रावर इतकी नेटकी का जमली, हे विद्यार्थ्यांना जरूर विचारावे. समुद्राचे क्षितिज सरळ असते, त्यामुळे झाकणाची कडही सरळ चालते. आभाळात घुसलेले झाड असते, तर प्रत्येक पानाभोवती कात्री फिरवावी लागली असती. निवड करण्यातली खरी अडचण कडेची आहे, हे इथेच दिसून येते.

काही जण कुंचलाही वापरत. कॅप्टन लिनिअस ट्राइप हे ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यातले अधिकारी १८५५ मध्ये ब्रह्मदेशात गेले होते. कागदी निगेटिव्हवर कोऱ्या आलेल्या आभाळात त्यांनी रंगाने ढग काढले. पुढे १८७३ मध्ये बर्लिनच्या हेरमान फोगेल यांना असे आढळले, की संवेदनशील थरात योग्य रंगद्रव्य मिसळले तर तो हिरव्या प्रकाशालाही प्रतिसाद देतो. काचांचा रंगांधळेपणा यातून हळूहळू दूर झाला. उजेड आणि सावलीतल्या फरकाचा प्रश्न मात्र तसाच राहिला.

हाताच्या सावलीचे शास्त्र

एन्लार्जर, म्हणजे निगेटिव्हची प्रतिमा मोठी करून कागदावर पाडणारे यंत्र, वापरात आल्यावर निवडीचे नवे साधन मिळाले. ते म्हणजे सावली. भिंग आणि कागद यांमधल्या मोकळ्या जागेत हात घातला, की तेवढ्या भागावर प्रकाश कमी पडतो आणि तो भाग प्रतीत उजळ राहतो. याला ‘डॉजिंग’ म्हणतात. याउलट पुठ्ठ्याला भोक पाडून एकाच भागाला जादा प्रकाश दिला, तर तो गडद होतो. ते ‘बर्निंग’. तारेच्या टोकाला चिकटवलेली पुठ्ठ्याची चकती, भोकाचा पुठ्ठा आणि स्वतःचे तळहात एवढ्या सामग्रीवर अंधाऱ्या खोलीतले कसबी लोक काम करत.

पुठ्ठा कागदावर टेकवायचा नाही, अधांतरी धरायचा आणि सतत हलवत राहायचे, हा यातला नियम. शाळेच्या पुस्तकातली प्रच्छाया आणि उपच्छाया इथे कामाला येते. वस्तू पडद्यापासून दूर असली की सावलीची कड पुसट होते, आणि हलवल्यावर आणखी पुसट. कड पुसट असली की फेरफार कुठे सुरू झाला आणि कुठे संपला, हे डोळ्याला समजत नाही.

या कलेचे गाजलेले उदाहरण अमेरिकेचे अॅन्सल अॅडम्स यांचे. १९४१ च्या शरद ऋतूत न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझ गावाजवळ त्यांना एक दृश्य दिसले. वर चंद्र, खाली दफनभूमीतले पांढरे क्रूस आणि त्यांच्यावर मावळतीचे शेवटचे ऊन. घाईत प्रकाशमापक सापडेना. पण चंद्राची तेजस्विता दर चौरस फुटाला सुमारे २५० कँडेला असते, हे त्यांना ठाऊक होते. त्या आकड्यावरून त्यांनी हिशेब केला आणि फोटो घेतला. दुसरी निगेटिव्ह घेण्याआधीच क्रुसांवरचे ऊन गेले. त्या एका निगेटिव्हच्या त्यांनी आयुष्यभरात शेकडो प्रती काढल्या. प्रत्येक वेळी आभाळाला जादा प्रकाश देऊन ते गडद केले. सुरुवातीच्या प्रतींमध्ये आभाळात फिकट ढग दिसतात, तर उत्तरकाळातल्या प्रतींमध्ये ते जवळजवळ काळे आहे.

सावलीलाही मर्यादा होती. ती जागा ओळखते, वस्तू ओळखत नाही. ‘या वर्तुळातला भाग’ एवढेच तिला सांगता येते, ‘या वर्तुळातले फक्त निळे’ असे सांगता येत नाही.

चित्राचे आकडे झाले

१९५७ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये रसेल कर्श यांनी आपल्या तान्ह्या मुलाचा फोटो संगणकात घातला. १७६ ओळी आणि प्रत्येक ओळीत १७६ ठिपके, म्हणजे एकूण ३०,९७६ ठिपके. या ठिपक्यांना आपण पिक्सेल म्हणतो. चित्राचे आकडे झाले, की त्यांची बेरीज, वजाबाकी आणि तुलना करता येते.

तीस वर्षांनी, १९८७ मध्ये, मिशिगन विद्यापीठात पीएच.डी. करणारा टॉमस नोल हा विद्यार्थी संगणकाच्या पडद्यावर करड्या छटा दाखवण्याचा प्रोग्रॅम लिहू लागला. त्याचा भाऊ जॉन चित्रपटांच्या दृश्य-करामती करणाऱ्या कंपनीत होता. वडील ग्लेन नोल हे अणुअभियांत्रिकीचे प्राध्यापक. त्यांच्या घराच्या तळघरात फोटो धुण्याची अंधारी खोली होती आणि मुले तिथेच छायाचित्रण शिकली होती. या प्रोग्रॅममधून १९९० मध्ये अॅडोबी कंपनीचे ‘फोटोशॉप’ बाजारात आले. त्यात पुढे आलेल्या उजळ-गडद करण्याच्या साधनांची चिन्हे तारेवरची चकती आणि वळवलेला तळहात अशीच आहेत. अंधारी खोली गेली, खुणा राहिल्या.

फोटोशॉपने इतरांनी लिहिलेले छोटे प्रोग्रॅम स्वतःला जोडून घेण्याची सोय ठेवली. त्यांना ‘प्लग-इन’ म्हणतात. मिक्सरची मोटर एकच असते, पण चटणीचे भांडे वेगळे आणि रसाचे वेगळे, तसेच हे. मुख्य प्रोग्रॅम चित्राचे आकडे प्लग-इनच्या हवाली करतो, प्लग-इन ते बदलून परत देतो. त्यामुळे एखादी नवी कल्पना सुचलेल्या छोट्या गटाला अख्खा प्रोग्रॅम नव्याने लिहावा लागत नाही.

‘फक्त निळे निवडा’ असे सांगायची सोय फोटोशॉपमध्ये आरंभापासून होती. एका ठिपक्यावर क्लिक केले, की त्याच्याशी मिळतेजुळते शेजारचे ठिपके निवडले जात. पण निकाल ‘आत’ किंवा ‘बाहेर’ असाच लागे, मधले काही नाही. म्हणून कड करवतीने कापल्यासारखी दिसे. सावलीकडे मऊ कड होती पण रंगाची ओळख नव्हती. इथे रंगाची ओळख होती पण कड मऊ नव्हती.

दोन अंतरांचा गुणाकार

हे दोन्ही गुण एकत्र आणायचे, तर प्रत्येक ठिपक्याला दोन प्रश्न विचारावे लागतात. तू जागेने किती जवळ आहेस? आणि रंगाने किती जवळ आहेस? जानेवारी १९९८ मध्ये संगणकीय दृष्टीवरची आंतरराष्ट्रीय परिषद मुंबईत भरली होती. तिथे कार्लो टोमासी आणि रोबेर्तो मांडुची यांनी एक शोधनिबंध मांडला. चित्रातला खरखरीतपणा घालवायचा, पण कडा पुसायच्या नाहीत, हा त्यांचा हेतू होता. त्यासाठी त्यांनी ठिपक्यांचे वजन या दोन अंतरांवरून ठरवले.

छायाचित्रकारांच्या हाती हा विचार वेगळ्या रूपात आला. निक सॉफ्टवेअर या कंपनीचे ‘नियंत्रण-बिंदू’ २००६ मध्ये निकॉनच्या प्रोग्रॅममधून आणि २००८ मध्ये ‘व्हिवेझा’ या प्लग-इनमधून लोकांपर्यंत पोहोचले. आभाळावर एक बिंदू ठेवायचा, त्याचे वर्तुळ लहान-मोठे करायचे आणि ‘गडद’ची पट्टी सरकवायची. कात्री नको आणि कुंचलाही नको. ही कंपनी २०१२ मध्ये गूगलने घेतली. २०१६ मध्ये गूगलने तिची प्लग-इन फुकट वाटली आणि २०१७ मध्ये ती डीएक्सओ या फ्रेंच कंपनीकडे गेली.

कंपन्यांची नेमकी सूत्रे काहीही असोत, मूळ तत्त्व आपण वर्गात हाताने करून पाहू शकतो. प्रत्येक ठिपक्याला तांबडा, हिरवा आणि निळा असे तीन आकडे असतात, प्रत्येक ० ते २५५ मध्ये. समजा, बिंदू ठेवलेला आभाळाचा ठिपका (११०, १५०, २१०) आहे. शेजारचा आभाळाचाच ठिपका (११२, १५४, २१४). फरक २, ४, ४. पायथागोरसच्या नियमाने अंतर √(४+१६+१६), म्हणजे ६. आभाळाला लागून असलेले पान (६०, ११०, ४०). त्याचे अंतर सुमारे १८२. आणि खाली दूरवर दोरीवर वाळत घातलेली निळी साडी (१०५, १४०, २००). तिचे अंतर १५.

आता जवळिकीला ० ते १ मध्ये गुण देऊ. आभाळाचा ठिपका जागेने ०.९, रंगाने ०.९. पान जागेने ०.९, रंगाने ०.१. साडी जागेने ०.१, रंगाने ०.९. या गुणांची सरासरी काढली, तर पान आणि साडी दोघांनाही ०.५ मिळतात आणि दोन्ही निम्मे गडद होतात. गुणाकार केला, तर आभाळाला ०.८१ आणि इतर दोघांना फक्त ०.०९. तेजस्विता ४० ने कमी करायची असेल, तर आभाळ सुमारे ३२ ने उतरेल, पान आणि साडी जेमतेम ४ ने. ‘हेही हवे आणि तेही हवे’ या अटीसाठी गुणाकार का वापरतात, हे यातून मुलांना पटते. आणि हे गुण हळूहळू उतरत असल्याने कडही आपोआप मऊ राहते.

कुठे चालते, कुठे चालत नाही

साधन इतके सोपे झाले, की ते कुठे वापरायचे हा प्रश्न अधिक अवघड होतो. जून १९९४ मध्ये खुनाचा आरोप असलेल्या ओ. जे. सिम्पसन या कृष्णवर्णीय खेळाडूचा पोलिसांनी काढलेला एकच फोटो ‘टाइम’ आणि ‘न्यूजवीक’ या दोन्ही साप्ताहिकांच्या मुखपृष्ठावर आला. ‘टाइम’ने चेहरा गडद केला होता. दोन अंक शेजारी ठेवताच ते उघड झाले. मोठी टीका झाली आणि पुढच्या अंकात संपादकांना खुलासा करावा लागला. अॅडम्स यांनी आभाळ काळे केले, त्याला आपण कला म्हणतो. मग इथे काय बिघडले? पोलिसांचा फोटो पुरावा म्हणून पाहिला जातो. गडद केलेल्या चेहऱ्याने आरोप सिद्ध होण्याआधीच वाचकाच्या मनात निकाल लिहायला सुरुवात केली.

प्रयोगशाळेत काम करणाऱ्या आम्हा लोकांना हा प्रश्न रोजचा आहे. ‘जर्नल ऑफ सेल बायॉलॉजी’ या नियतकालिकाने २००२ पासून स्वीकारलेल्या शोधनिबंधांतली चित्रे फेरफारांसाठी तपासायला सुरुवात केली. नियम साधा आहे. उजळपणा किंवा रंग बदलायचा तर संपूर्ण चित्राला सारखाच बदला. एखादाच पट्टा ठळक करू नका किंवा पुसू नका. निसर्गचित्रात जे कौशल्य ठरते, तेच तिथे गैरवर्तन ठरते.

हा नियम आता शाळेपर्यंत येऊन पोहोचला आहे. आजचे बरेच मोबाइल फोन आभाळ आणि चेहरा स्वतःच वेगळे ओळखतात आणि फोटो पडद्यावर येण्याआधीच दोघांना निरनिराळे उजळ करतात. निवड करणारा हात आता दिसत नाही, पण निवड झालेली असते. विद्यार्थी जेव्हा लिटमसचा रंग, पानावरचा रोग किंवा विहिरीच्या पाण्याचा गढूळपणा फोटोवरून ठरवतात, तेव्हा हे लक्षात ठेवायला हवे.

त्यासाठी तीन सवयी पुरेशा आहेत. तुलनेचे नमुने शेजारी ठेवून एकाच फोटोत घ्यावेत आणि त्यांच्यालगत एक पांढरा कागद व एक ठरावीक रंगीत पट्टी ठेवावी. वेगवेगळ्या दिवशी घेतलेल्या फोटोंमध्ये हाच कागद आणि हीच पट्टी निराळी दिसली, तर फरक उजेडाचा किंवा फोनचा आहे, नमुन्याचा असेलच असे नाही, हे कळते. मूळ फोटो न बदलता जपून ठेवावा. आणि जो फेरफार केला, तो प्रयोगवहीत निरीक्षणाशेजारी लिहावा. पुढच्या प्रकल्पाच्या वेळी वर्गात एकच वस्तू दोन-तीन वेगवेगळ्या फोनवर टिपून हे फोटो शेजारी ठेवून पाहावेत. त्यांतला फरक मुले स्वतःच शोधून काढतील.