एका गाण्याने सुटलेली १४२ माणसे

एप्रिलमध्ये आयर्लंडला यायचा बेत असेल, तर १३ तारीख डब्लिनसाठी राखून ठेवा. त्या दिवशी दुपारी फिशॅम्बल स्ट्रीट नावाच्या उतरत्या, लहानशा रस्त्यात गायकवृंद उभा राहतो आणि हॅन्डेलच्या 'मसाया'तले निवडक भाग उघड्यावर गातो. तिकीट नाही. पावसाची शक्यता असतेच, तेव्हा छत्री आपली आपण आणायची. १७४२ साली याच तारखेला, याच रस्त्यावरच्या एका सभागृहात ही रचना पहिल्यांदा सादर झाली.

मी डब्लिनच्या नैर्ऋत्येला, क्लोनडॉकिनमध्ये राहतो. पाहुण्यांना मी सांगतो की दिवसाची सुरुवात इथूनच करा. आमच्या गावात सुमारे ८४ फूट उंचीचा, दगडी, गोल मनोरा आहे. संत मोखुआच्या मठाचा हा मनोरा हजार वर्षांहून जुना, आणि त्याची शंकूसारखी टोपीसुद्धा मूळचीच आहे. जवळच व्हायकिंग सरदार ओलाफ याची गढी होती. ८६७मध्ये आयरिश लोकांनी ती जाळली. १७८७मध्ये गावातल्या बंदुकीच्या दारूच्या कारखान्यात मोठा स्फोट झाला, तरी मनोरा उभाच राहिला. आयरिश भाषेत अशा मनोऱ्याला 'घंटेचे घर' म्हणतात. घर आहे, मठाची घंटा मात्र आता नाही.

तिथून रेड काउ थांब्यावर येऊन लुआस ट्रॅम पकडा, फोर कोर्ट्सला उतरा आणि नदी ओलांडून क्राइस्ट चर्च कॅथीड्रलच्या दिशेने चढा. वाटेत महापालिकेची मोठी कार्यालये लागतील. त्यांच्या पायाखाली व्हायकिंगांची वस्ती सापडली होती. ती वाचवण्यासाठी १९७८मध्ये हजारो डब्लिनकर मोर्चा घेऊन रस्त्यावर उतरले, तरीही कार्यालये झाली. फिशॅम्बल स्ट्रीट अगदी त्यांना लागूनच आहे. नावाप्रमाणेच हा जुना मासळीबाजार. हॅन्डेलचे सभागृह आता नाही, जुनी एक कमान तेवढी दिसते. म्हणजे क्लोनडॉकिनला वास्तू राहिली आणि नाद गेला. इथे वास्तू गेली आणि नाद राहिला.

पण हे गाणे इथे का झाले, हे समजून घेतल्याशिवाय परत फिरू नका. जर्मनीतल्या हाले गावी १६८५मध्ये जन्मलेला हॅन्डेल तोवर लंडनचा झाला होता. तिथले त्याचे ऑपेरे चालेनासे झाले होते. नोव्हेंबर १७४१मध्ये तो डब्लिनला आला. आधी वर्गणीदारांसाठी मैफली केल्या, त्यांची कमाई त्याची स्वतःची. 'मसाया' मात्र धर्मादाय होता. दोन रुग्णालये आणि कर्जापायी तुरुंगात पडलेली माणसे, अशा तिघांत उत्पन्न वाटायचे ठरले.

त्या काळी कर्ज फेडता आले नाही तर ऋणकोला कैद होई. कैदेत कमाई नाही, कमाई नाही म्हणून फेड नाही, आणि फेड नाही म्हणून सुटका नाही. आपल्याकडे धनको दारात धरणे धरून बसे. थोरल्या बाजीरावांनी ब्रह्मेंद्रस्वामींना लिहिलेल्या पत्रांतही सावकारांच्या तगाद्याचे गाऱ्हाणे आहे. पेशव्यांना निदान नवे कर्ज मिळत होते. डब्लिनच्या कोठडीतल्या माणसाला तेही नव्हते.

म्हणून त्या दुपारी गर्दी हवी होती. बायकांनी घेरदार सांगाडे लावलेले झगे घालून येऊ नये आणि पुरुषांनी तलवारी घरी ठेवाव्यात, अशी विनंती वर्तमानपत्रातून झाली. कारण साधे होते: ६००च्या जागी ७०० माणसे मावावीत. सेंट पॅट्रिक्स कॅथीड्रलचे डीन जोनाथन स्विफ्ट, म्हणजे 'गलिव्हर'चे लेखक, यांनी आपले गायक पाठवायला आधी नकार दिला होता. अखेर दोन्ही कॅथीड्रलांचे गायक आले. सुमारे ४०० पौंड जमले आणि १४२ कैदी सुटले.

आता आपल्या एका माणसाकडे या. विष्णु दिगंबर पलुस्कर यांचा जन्म कुरुंदवाडचा, १८७२चा. फटाक्याने डोळे अधू झाले. मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे ते गाणे शिकले. संस्थानिकांच्या दिवाणखान्यातले गाणे त्यांनी तिकीट काढून येणाऱ्या सामान्य श्रोत्यांपर्यंत आणले. ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले, १९०८मध्ये मुंबईला. पुढे शिक्षक व्हायचे अशा विद्यार्थ्यांच्या जेवणाखाण्याचा भारही त्यांनी उचलला. मुंबईत विद्यालयाची इमारत उभी राहिली ती कर्जावर, आणि त्या कर्जापायीच ती लिलावात गेली. १९३१मध्ये पलुस्कर मिरजेला वारले. त्याच वर्षी शिष्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले. तुमच्यापैकी कितीजणांनी त्याच मंडळाच्या प्रवेशिका, मध्यमा, विशारद दिल्या असतील! इथेही इमारत गेली, गाणे राहिले.

दोन्ही गोष्टींत संगीत दरबारातून बाहेर पडून तिकीट काढणाऱ्या श्रोत्यांकडे आले. डब्लिनमध्ये श्रोत्यांच्या पैशाने दुसऱ्यांचे कर्ज फिटले. मुंबईत गाणे सर्वांसाठी खुले करणारा माणूसच कर्जात बुडाला. श्रोते तिथेही होते, टाळ्याही होत्या. फरक हा की डब्लिनच्या सभागृहामागे ऋणकोंना सोडवण्यासाठी निधी उभारणारी मंडळी होती. पैसा कुठे जायचा, हे पहिला सूर लागण्याआधी ठरले होते. पलुस्करांच्या संस्थेचा सगळा डोलारा एका माणसाच्या गळ्यावर उभा होता.

परदेशातल्या आपल्या महाराष्ट्र मंडळांतही गणपतीत, दिवाळीत मैफली होतात. पुण्या-मुंबईचे कलाकार येतात, सभागृह भरते, फोटो निघतात. शिल्लक किती उरली आणि ती कुणाच्या उपयोगी पडली, हे मात्र वार्षिक सभेत शेवटच्या पाच मिनिटांत उरकले जाते. पुढच्या वेळी तो विषय आधी घ्या. हॅन्डेलचे गाणे कसे झाले याची वर्णने डब्लिनच्या वर्तमानपत्रांत भरभरून आली. पण त्या १४२ जणांच्या घरी त्या रात्री कोणते राग-सूर लागले याची चर्चा नसणार. माणूस परत आला, एवढेच पुरे होते.