राजसेवकाचें नांव व राजसेवकाचें घर : फ्रान्समधील एका कलमाचा इतिहास

(१)

राजसेवकास दोन स्थानें असतात : एक त्याचें पद व दुसरें त्याचें घर. पदावर असतांना तो काय करतो हें पाहण्याचा, लिहिण्याचा व चारचौघांत सांगण्याचा अधिकार प्रजेस आहे; परंतु त्याच्या घराचा दरवाजा कोठें आहे हें त्याच्या वैऱ्यास सांगण्याचा अधिकार कोणासही नाहीं. हा भेद बोलून दाखविण्यास सोपा, पण कायद्याच्या भाषेंत उतरविण्यास फार कठीण. फ्रान्स देशानें इ. स. २०२० व २०२१ या दोन सालांत तसा प्रयत्न दोनदां केला. पहिला फसला, दुसरा टिकला. असें कां झालें, याचा विचार प्रस्तुत लेखांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे. प्रश्न पोलिसांपुरता दिसतो. पण जुन्या कागदांतून अधिकाऱ्यांचीं नांवें हुडकणाऱ्या इतिहाससंशोधकासही तो तितकाच लागू आहे, हें पुढें दिसून येईल.

(२)

प्रथम या वादाची पूर्वपीठिका पाहूं. इ. स. १७८९ च्या मानवी व नागरिक हक्कांच्या जाहीरनाम्याच्या १२ व्या कलमांत असा आशय आहे कीं, सार्वजनिक बळ हें सर्वांच्या हितासाठीं असतें, तें ज्यांच्या हातीं दिलें त्यांच्या खाजगी लाभासाठीं नसतें. आणि १५ वें कलम सांगतें कीं, प्रत्येक सरकारी कामगारापाशीं त्याच्या कारभाराचा जाब मागण्याचा समाजास हक्क आहे. जाब मागावयाचा तर तो कोणापाशीं मागावयाचा हें ठाऊक असलें पाहिजे, हें उघड आहे.

ता. २९ जुलै १८८१ च्या मुद्रणस्वातंत्र्याच्या कायद्यानें हेंच तत्त्व पुढें चालविलें. सरकारी अधिकाऱ्यावर त्याच्या कामासंबंधानें केलेला आरोप खरा असल्याचें न्यायासनापुढें सिद्ध करण्याची मुभा त्यानें लेखकास दिली. खाजगी आयुष्याविषयींच्या आरोपास मात्र ती मुभा ठेवली नाहीं. म्हणजे पद व घर यांमधील रेषा त्याच वेळीं आंखली गेली होती. पुढें इ. स. १९९५ त या कायद्यांत एक नवें कलम घालण्यांत आलें. ज्या पोलीस, लष्करी व जकात खात्यांच्या कामगिरीस गुप्तताच अवश्य आहे, अशा नेमून दिलेल्या खात्यांतील सेवकांची ओळख उघड करणें त्यानें दंडनीय ठरविलें. कौटिल्यानेंही गूढपुरुषांची व्यवस्था उघड अधिकाऱ्यांहून निराळी लाविली आहे, याची येथें आठवण होते. पण हें कलम गूढपुरुषांपुरतेंच होतें. चव्हाट्यावर गणवेशांत उभा राहणारा शिपाई त्यांत येत नव्हता. उलट इ. स. २००८ च्या एका सरकारी परिपत्रकानें पोलिसांस बजावलें होतें कीं, कामावर असतांना कोणी चित्रण केल्यास त्यास हरकत घेतां येणार नाहीं.

(३)

मग हा नवा विचार आला कोठून ? त्याचें मूळ एका भयंकर घटनेंत आहे. ता. १३ जून २०१६ रोजीं पॅरिसनजीकच्या मान्याँव्हील गांवीं एका माथेफिरू अतिरेक्यानें एका पोलीस अधिकाऱ्याचा व पोलीसखात्यांतच काम करणाऱ्या त्याच्या सहचारिणीचा त्यांच्या राहत्या घरीं खून केला. त्यांचा तीन वर्षांचा मुलगा तेवढा वांचला. रस्त्यांतील धोका शिपायानें पत्करलेला असतो. उंबरठ्याच्या आंतील धोका त्यानें पत्करलेला नसतो. ही भीति खोटी होती असें म्हणणें हा त्या मुलावर अन्याय होईल. पुढल्याच वर्षीं, २०१७ सालीं, तपासाच्या कागदांत विशिष्ट प्रसंगीं नांवाऐवजीं क्रमांक लिहिण्याची सवलत पोलिसांस मिळाली, ती योग्यच होती असें आम्हांस वाटतें.

ऑक्टोबर २०२० मध्यें सत्ताधारी पक्षाच्या दोन प्रतिनिधींनीं सर्वंकष सुरक्षेचें विधेयक मांडलें. त्यांपैकीं एक, झाँ-मिशेल फोव्हेर्ग, हे पोलिसांच्या एका नामांकित विशेष दलाचे माजी प्रमुख होते. विधेयकाचें २४ वें कलम असें होतें : पोलीस कामगिरीवर असलेल्या शिपायाचा चेहरा अथवा, त्याचा क्रमांक सोडून, ओळख पटविणारी दुसरी कोणतीही खूण, त्यास शारीरिक किंवा मानसिक इजा व्हावी या हेतूनें जो प्रसिद्ध करील, त्यास एक वर्ष कैद व ४५ हजार युरो दंड.

(४)

या कलमाचे कैवारी म्हणत कीं, शिक्षा दुष्ट हेतूस आहे, चित्रणास नाहीं. मग प्रामाणिक वार्ताहरानें कां भ्यावें? हा युक्तिवाद वरवर बिनतोड दिसतो. पण 'आशय' या शब्दाची फोड करून पाहावी. 'आ' उपसर्गापुढें 'शी' म्हणजे निजणें, पडून राहणें हा धातु. जें आंत पडून असतें तें आशय. जें आंत आहे तें न्यायाधीशानें साक्षीपुराव्यावरून महिन्यांनीं ठरवावयाचें. परंतु रस्त्यावर समोरच्याच्या हातांतला मोबाइल हिसकावून घ्यावा कीं नाहीं, हें शिपाई त्याच क्षणीं ठरवितो. शिवाय 'मानसिक इजा' तर निंदेनेंही होते. हेतु 'उघड' असला पाहिजे अशी दुरुस्ती मागाहून केली गेली, तरी शंका मिटली नाहीं. ता. २४ नोव्हेंबर २०२० रोजीं राष्ट्रीय सभेनें विधेयक ३८८ विरुद्ध १०४ मतांनीं संमत केलें.

दोनच दिवसांनीं एक चित्रफीत प्रसिद्ध झाली. ता. २१ नोव्हेंबरला पॅरिसमध्यें एका कृष्णवर्णीय संगीतनिर्मात्यास पोलिसांनीं त्याच्याच कार्यालयांत शिरून बेदम मारलें होतें. त्यानेंच आमच्यावर हल्ला केला, अशी पोलिसांची लेखी हकीकत होती. भिंतीवरील कॅमेऱ्यानें ती खोटी पाडली. ज्या चित्रणाच्या प्रसिद्धीस नवें कलम आळा घालूं पाहत होतें, तशाच चित्रणानें एक निरपराध मनुष्य आरोपांतून सुटला. ता. २८ नोव्हेंबरला देशभर मोर्चे निघाले. सरकारी मोजणीनेंच त्यांत १ लक्ष ३३ हजार लोक होते. सिनेटनें मग कलम नव्यानें लिहून 'ओळख पटविण्यास चिथावणी' हा गुन्हा ठरविला व शिक्षा पांच वर्षांपर्यंत वाढविली. परंतु ता. २० मे २०२१ रोजीं राज्यघटना परिषदेनें तें कलम रद्द केलें. कारण असें कीं, 'पोलीस कामगिरी' म्हणजे कोठून कोठपर्यंत, गुन्हा ती चालू असतांनाच घडावा कीं मागाहून घडला तरी चालेल, आणि इजेचा हेतु चिथावणीहून निराळा सिद्ध करावयाचा कीं काय, हें कलमावरून कळत नव्हतें. ज्या गुन्ह्याचें लक्षणच अतिव्याप्त, त्यास शिक्षा कशी द्यावी ?

(५)

येथें संशोधकाच्या बाजूनें एक दाखला देणें अवश्य आहे. ता. १७ ऑक्टोबर १९६१ रोजीं पॅरिसमध्यें अल्जीरियन निदर्शकांवर पोलिसांनीं अत्याचार केले. अनेकांस मारलें, कित्येकांचीं प्रेतें सेन नदींत सांपडलीं. सरकारी हिशेबांत मेलेल्यांचा आंकडा कित्येक वर्षें अगदीं मोजका राहिला. त्या रात्रीं एली कागां या छायाचित्रकारानें घेतलेलीं चित्रें हा आज मोलाचा पुरावा मानतात. झाँ-ल्यूक ऐनोदी यांनीं वर्षानुवर्षें साक्षी व कागद जमवून या प्रकरणावर इ. स. १९९१ त ग्रंथ लिहिला. पुढें त्यांनीं तत्कालीन पोलीसप्रमुख मोरिस पापाँ यांचें नांव घेऊन वर्तमानपत्रांत लिहिलें, तेव्हां पापाँ यांनीं अब्रूनुकसानीचा दावा लाविला. दोन सरकारी दप्तरपालांनीं नोकरीवर येणारें संकट ओढवून घेऊन दप्तरांतील नोंदींविषयीं साक्ष दिली. इ. स. १९९९ त न्यायासनानें, लेखकानें सद्भावनेनें लिहिलें आहे असें ठरवून, दावा फेटाळला. पदाचें नांव झांकलें असतें तर हा इतिहास लिहिलाच गेला नसता. आमच्या मतें २४ व्या कलमावरील सर्वांत मोठा आक्षेप हाच होय.

(६)

आतां थोडें मागें जावें लागेल. ता. १६ ऑक्टोबर २०२० रोजीं, म्हणजे विधेयक मांडलें जाण्याच्या अवघे चार दिवस आधीं, कॉन्फ्लाँ-सँत-ओनोरिन येथें साम्युएल पाती या शिक्षकाचा शिरच्छेद झाला. ते इतिहास व भूगोल शिकवीत. अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या पाठांत त्यांनीं दाखविलेल्या व्यंगचित्रांवरून एका विद्यार्थिनीच्या पित्यानें त्यांचें नांव व शाळेचें नांव समाजमाध्यमांवर पसरविलें. खून करणारा अठरा वर्षांचा तरुण परगांवचा. तो गुरुजींस ओळखतही नव्हता. शाळेच्या दाराशीं त्यानें मुलांस पैसे देऊन त्यांस दाखवून घेतलें. आयुष्य शाळेंत घालविलेल्या आमच्यासारख्यांस ही हकीकत लिहितांना हात आंखडतो.

या खुनानंतर ता. २४ ऑगस्ट २०२१ च्या कायद्यानें दंडसंहितेंत नवें कलम आलें : एखाद्याच्या खाजगी, कौटुंबिक किंवा व्यावसायिक आयुष्याविषयींची, त्याची ओळख वा ठावठिकाणा कळविणारी माहिती, त्यास अथवा त्याच्या कुटुंबास प्रत्यक्ष धोक्यांत लोटण्याच्या हेतूनें, आणि तो धोका आपणांस कळलाच नाहीं असें म्हणतां येऊं नये अशा स्थितींत, जो पसरवील त्यास तीन वर्षें कैद व ४५ हजार युरो दंड, बळी सरकारी अधिकारी असल्यास पांच वर्षें व ७५ हजार युरो. हें कलम राज्यघटना परिषदेपुढें टिकलें.

येथें आमच्या आरंभींच्या भेदास मुरड घालणें प्राप्त आहे. पाती यांच्या घराचा पत्ता कोणीं सांगितला नव्हता. शाळेचें नांव, म्हणजे त्यांचें पदच, सांगितलें होतें, व तेवढेंच प्राणघातक ठरलें. तेव्हां पद उघडें व घर झांकलेलें, एवढ्यानें भागत नाहीं. माहिती कोणती यापेक्षां ती कोणत्या संकटाकडे बोट दाखविते, हें पाहावें लागतें. नवें कलम त्या संकटाचें नांव घेतें, म्हणून न्यायाधीशास आशय बाहेरून मोजतां येतो. जुनें कलम गणवेशाचें नांव घेई, म्हणून त्यांत टीका व घात एकाच मापानें मोजले जाण्याची भीति होती.

(७)

पोलिसांस संरक्षण मिळालें, पण तें पोलीस म्हणून मागितलें तेव्हां नव्हे; शिक्षकासह सर्व माणसांबरोबर मागितलें तेव्हां मिळालें. अधिकाऱ्याबाबत शिक्षा अधिक ठेवली आहे, तिचा उपयोग टीकाकारावर होऊं नये याविषयीं मात्र दक्षता पाहिजे. दुसरी बाजूही त्या देशानें सोडलेली नाहीं. शिपायानें अंगावर सात अंकी क्रमांक वागविलाच पाहिजे असा तेथील नियम; तो पाळला जाईल व क्रमांक वाचतां येईल इतका मोठा होईल अशी व्यवस्था करण्याचा हुकूम फ्रान्सच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायासनानें ऑक्टोबर २०२३ मध्यें सरकारास दिला. दाराआड निजलेलें मूल सुरक्षित असावें, आणि रस्त्यावरील काठी कोणाच्या हातांत होती हें पन्नास वर्षांनीं दप्तर उघडणाऱ्यास कळावें. या दोहोंपैकीं एकासाठीं दुसरें सोडून देण्याचें कारण नाहीं. अलमतिविस्तरेण.