विंचवाचा दंश व हृदयाची हार

परभणी जिल्ह्यांतील शेतकऱ्यास विंचवाची ओळख करून द्यावी लागत नाहीं. बांधावरचा दगड उचलतांना, सरपणाच्या ढिगांत हात घालतांना, अंधारांत अनवाणी पाऊल टाकतांना त्याची गांठ पडते. दंश झाला कीं मांत्रिक विंचू उतरवी, आणि रोगी बहुधा बराही होई. कारण पुष्कळसे विंचू प्राणघातक नसतात. मंत्राची प्रतिष्ठा टिकली ती यामुळेंच.

लाल विंचवाची गोष्ट मात्र निराळी. त्याच्या दंशानें रोग्यास दरदरून घाम सुटे, वांत्या होत, हातपाय गार पडत. कांहीं तासांनीं धाप लागून तोंडास गुलाबी फेंस येई. १९६१ सालीं कोंकणांतून प्रसिद्ध झालेल्या एका वृत्तांतांत अशा ७८ रोग्यांपैकीं २३ दगावल्याची नोंद आहे. रुग्णालयांत पोंचलेलीं माणसेंही मरत होतीं. मग सारा दोष मांत्रिकाच्या माथीं कसा मारावा?

१९७६ मध्यें महाडनजीक बिरवाडीच्या आरोग्यकेंद्रांत डॉ. हिंमतराव बावस्कर रुजू झाले. त्यांचा जन्म १९५१ चा, मराठवाड्यांतच, भोकरदन तालुक्यांतील देहेड गांवचा. त्यांनीं रोग्याच्या उशाशीं बसून नाडी, रक्तदाब व श्वास यांच्या नोंदी ठेवण्यास आरंभ केला. त्या नोंदींतून हें स्पष्ट झालें कीं, मृत्यु येतो तो हृदय थकल्यानें. विषामुळें शरीरांतील उत्तेजक द्रव्यें एकाएकीं रक्तांत उसळतात आणि रक्तवाहिन्या आंवळल्या जातात. मोटेच्या बैलांवर दुप्पट ओझें घालावें, तशी हृदयाची गत होते. तें रक्त पुढें ढकलूं शकत नाहीं; तें मागें तुंबतें, फुफ्फुसांत पाणी भरतें, आणि मनुष्य कोरड्या जमिनीवर बुडून मरतो.

या अवस्थेचीं पूर्वचिन्हें बावस्करांनीं १९८२ सालीं ‘लॅन्सेट’ या विलायती वैद्यकीय पत्रांत मांडलीं. रोगाचें मर्म कळल्यावर उपायही दूर राहिला नाहीं. रक्तवाहिन्या सैल करणारी प्रॅझोसिनची गोळी वाढलेल्या रक्तदाबावर आधींपासूनच वापरली जात होती. तीच त्यांनीं विंचूदंशावर योजिली. १९८६ मध्यें त्यांनीं व त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनीं तिचा अनुभव त्याच पत्रांत प्रसिद्ध केला. शेंकडा तिसांच्या आसपास असलेलें मृत्यूचें प्रमाण या उपचारानें चारांच्याही खालीं आलें. पुढें २०११ सालीं ७० रोग्यांवरील त्यांची तुलना प्रसिद्ध झाली. केवळ गोळी दिलेल्या ३५ जणांपैकीं ८ जण दहा तासांत पूर्ण बरे झाले. गोळीस प्रतिविषाची जोड दिलेल्या ३५ पैकीं ३२ जण तेवढ्याच वेळांत सांवरले. २०२२ मध्यें बावस्करांस पद्मश्री हा किताब मिळाला.

या इतिहासांत भव्य प्रयोगशाळा नाहीं, महागडें यंत्र नाहीं. एका खेड्यांतील खाटेजवळचें जागरण आणि हातांतील वही, एवढ्यावर हें ज्ञान उभें आहे. परंतु ज्ञानास वेळेची सोबत लागते. विष चढत असतां मंत्रांत दवडलेला प्रहर हृदय परत देत नाहीं. घाम सुटून हातपाय गार पडूं लागले, कीं वाट आरोग्यकेंद्राचीच धरली पाहिजे.