नौकेविना पाट

कांठावरून घोड्यानें वा माणसांनीं दोरानें ओढावयाची मालनौका हें एके काळीं इंग्लंडच्या व्यापाराचें मोठें साधन होतें. घोडा सडकेवर जेवढें ओझें ओढतो, त्याच्या कितीतरी पट तो संथ पाण्यावर ओढतो, हें त्यामागील साधें गणित. सर आर्थर कॉटन यांनीं तेंच गणित गोदावरीच्या मुखाकडे मांडलें. १८४७ ते १८५२ या काळांत धवळेश्वरमचा बंधारा झाला आणि त्याच्या कालव्यांनीं भातशेतीस पाणी दिलें, नौकांसही वाट दिली.

खानदेशांत मालाची वाण नव्हती. १८६१ ते १८६५ च्या अमेरिकन यादवीनें येथील कापसास सोन्याचें मोल आणलें. परंतु तापीचें पात्र खडकाळ, दरडी उंच, आणि उन्हाळ्यांत धार क्षीण. कापूस गाड्यांनीं व पुढें भुसावळच्या आगगाडीनें मुंबईस गेला.

खानदेशचा खरा कालवा पांझरेच्या कांठीं पाहावा. धुळें व साक्री या भागांत नदीवर ठिकठिकाणीं जुने बंधारे आहेत. त्यांतून निघालेल्या पाटाचें पाणी केवळ उतारानें शेतांत जातें. ओलिताखालील जमिनीचे मोठे भाग पाडलेले असतात, त्यांस फड म्हणतात. एका फडांत सर्वांनीं एकच पीक घ्यावयाचें. एका फडांत ऊंस, तर दुसऱ्यांत धान्य, आणि पुढें हीं पिकें फिरवावयाचीं. पाणी सोडण्यास पाटकरी असतो, त्याचा मोबदला सारे मिळून देत. पाटांतील गाळ काढावयासही गांवच उतरे. असल्या पाटांत नौका कसली तरणार!

जतनाच्या बाबतींत मात्र नौकेचें नशीब बरें म्हणावें लागेल. १९२६ सालची ‘गिफर्ड’ ही डांबर वाहणारी लांकडी घोडनौका इंग्लंडांत एलेस्मीअर पोर्टच्या संग्रहालयांत राहिली आहे. तिच्या फळ्या बदलतां येतात. फडाचें तसें नाहीं. त्याचा बंधारा दगडाचा असला, तरी व्यवस्था माणसांच्या कराराची आहे. विहिरींवर पंप बसले, तेव्हां ज्याच्या त्याच्या शेतांत ज्याचें त्याचें पीक आलें. वर अक्कलपाड्यासारखीं धरणें झालीं, आणि नदीचा प्रवाह धरणांतून सुटणाऱ्या पाण्यावर अवलंबून राहिला. बंधारा शाबूत ठेवून पाटकऱ्याचें काम संपूं दिलें, तर उरेल तें केवळ चिरेबंदी बांधकाम.