चेटकिणीचे घर कशाचे होते?

जर्मन शिकत असताना ग्रिम बंधूंची 'हान्सेल आणि ग्रेटेल' ही गोष्ट मुळातून वाचायला घेतली आणि जंगलातल्या चेटकिणीच्या घरापाशी अडखळलो. लहानपणापासून चित्रांत पाहिलेले ते घर जिंजरब्रेडचे, म्हणजे जर्मनांच्या लेबकूखनचे. १८१२च्या पहिल्या आवृत्तीत मात्र ते साध्या पावाचे आहे. छप्पर केकचे, खिडक्या साखरेच्या. १८५७च्या अखेरच्या आवृत्तीतही पावच. लेबकूखनचे नावसुद्धा नाही.

लेबकूखन म्हणजे मध, पीठ आणि मसाले. त्यात आले असलेच पाहिजे असे नाही. दालचिनी, लवंग, वेलदोडा, जायफळ, धणे, बडीशेप यांचाच वास जास्त. जुन्या पद्धतीत मध आणि पीठ मळून गोळा आठवडेच्या आठवडे, कधी महिनोन्‌महिने मुरत ठेवतात. अनारशाचे पीठ मुरवणाऱ्या घरांना यात नवल वाटू नये. ते फुगवायला पोटॅश किंवा हरणाच्या शिंगांपासून काढलेला क्षार वापरीत.

या पदार्थाची राजधानी न्यूरेंबर्ग, आणि ती तिथेच का झाली याचे उत्तर शहराभोवतीच्या जंगलात आहे. तिथे झाडांच्या ढोल्यांत मधमाश्या पाळणाऱ्यांचा एक वर्गच होता. सम्राट चौथ्या चार्ल्सने १३५० मध्ये त्यांचे हक्क मान्य केले. मध दाराशी आणि मसाला व्यापाऱ्यांच्या वखारीत, असा हा योग. मसाला आधी व्हेनिसहून येई. पुढे समुद्रमार्ग सापडल्यावर १५०५ मध्ये आल्मेदाच्या पोर्तुगीज आरमारात न्यूरेंबर्गच्या इमहोफ आणि हिर्शफोगेल या पेढ्यांनी पैसा गुंतवला. याच आरमाराने कारवारसमोरच्या, आज गोव्यात मोडणाऱ्या अंजदीव बेटावर किल्ला बांधायला घेतला. मिरी इतकी मोलाची की 'फेफर', म्हणजे मिरी, हा शब्द सगळ्याच परदेशी मसाल्यांना लागला. म्हणून पूर्व जर्मनीत या पदार्थाचे नाव 'फेफरकूखन', मग त्यात मिरी असो वा नसो. न्यूरेंबर्गच्या लेबकूखनवाल्यांना १६४३ मध्ये स्वतंत्र कारागीर-संघ मिळाला.

तेव्हा हे गरिबाघरचे रोजचे खाणे नव्हते. सम्राट तिसऱ्या फ्रीडरिशने १४८७ मध्ये न्यूरेंबर्गच्या सुमारे चार हजार मुलांना आपली छबी उठवलेले लेबकूखन वाटले, असे सांगतात. मुलांच्या हाती ते आले तर असे, कोण्या थोराच्या हातून.

आता गोष्टीकडे परत येतो. ग्रिम यांचा लाकूडतोड्या इतका गरीब की रोजचा पाव मिळवणेही त्याला जड जाते. पहिल्या आवृत्तीत मुलांना जंगलात सोडून यायचा घाट सख्खी आई घालते. तिला सावत्र केले ते १८४० मध्ये. मला हा बदल पावाच्या घराइतकाच बोलका वाटतो. उपासमारीत आईच मुलांना टाकते, हे ऐकणाऱ्यांना झेपेनासे झाले असावे. मग अशा भुकेल्या पोरांना जंगलात काय दिसेल? मसाल्याची मिठाई नव्हे, पाव. वाटेवर टाकलेला पावाचा चुरा पाखरांनी खाल्लेला, आणि पुढे उभे ते घर पावाचेच. लेबकूखनचे घर पोट भरलेल्यांच्या स्वप्नातले आहे, असे माझे मत झाले आहे.

हुम्परडिंकचा 'हान्सेल आणि ग्रेटेल' हा ऑपेरा २३ डिसेंबर १८९३ला, ऐन नाताळात, वायमारमध्ये पहिल्यांदा झाला. संगीतसंचालन रिचर्ड श्ट्राउसचे. संहिता संगीतकाराच्या बहिणीची, आडेलहाइड वेटेची. इथे बाप झाडू बनवणारा. आई मुलांना टाकत नाही, रागाच्या भरात स्ट्रॉबेऱ्या आणायला पाठवते. घराभोवती लेबकूखनचे कुंपण आहे, आणि ते चेटकिणीने भाजलेल्या मुलांचे. शेवटी ती मुले जिवंत होतात आणि भट्टीतून चेटकीणच लेबकूखन होऊन निघते. घराघरांतून नाताळात केली जाणारी साखरेच्या बर्फाची घरे याच गोड वळणाची.

मूळ गोष्टीत चेटकीण पहिल्या रात्री दोघांना दूध, साखरेचे धिरडे, सफरचंदे आणि अक्रोड देते. दुसऱ्या दिवसापासून हान्सेलला लठ्ठ करण्यासाठी उत्तम जेवण. ते रांधायचे ग्रेटेलने, आणि तिच्या वाट्याला येतात खेकड्यांची कवचे.